उतरता काटा

मंगळवार, १९ मे, सकाळी सव्वानऊ. गाडीत चार जीव : तीन रुग्ण, एक चालक.

ही नोंद चालकाच्या वहीतली आहे. शेवटचा रुग्ण आत बसला की तारीख, वेळ आणि माणसांची संख्या लिहायची, एवढीच त्या वहीची अपेक्षा. छापील रकान्यात शब्द आहे 'प्रवासी'. नऊ वर्षांत चालकाने तो एकदाही वापरलेला नाही. वाहनतळाच्या व्यवस्थापकाने एकदा विचारले होते, "जीव काय लिहितोस रे? गुरं वाहून नेतोस काय?" त्यावर चालक म्हणाला होता, "साहेब, प्रवासी माणूस कुठंतरी जायला निघतो. यांना जायचं नसतं, यांना फक्त परत यायचं असतं." व्यवस्थापकाने वही मिटून परत दिली.

चालक चोपन्न वर्षांचा आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांना आठवड्यातून तीनदा घरून उचलून चौतीस किलोमीटरवरच्या डायलिसिस केंद्रात पोचवायचे आणि चार तासांनी परत आणायचे, हे त्याचे काम. रुग्णालयाने ते एका कंत्राटदाराला दिलेले आहे आणि कंत्राटदाराने आठ आसनी जुन्या गाड्यांना. वाहनतळावर त्याला 'सावकाश' म्हणतात. ज्या हातात सुया टोचतात तो हात गचका बसला की संध्याकाळपर्यंत ठणकतो, हे कळल्यापासून त्याचा वेग पन्नासच्या वर गेलेला नाही. इतर चालक त्याला हिणवतात, "काय सावकाश, कालचे पेशंट आज पोचले का?" तो हसतो आणि टायरमधली हवा तपासायला खाली बसतो.

त्याआधी अकरा वर्षे तो कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर होता. तिथला बॉयलरमास्तर कमी बोलायचा. पहिल्या दिवशी त्याने नव्या माणसाला दोन गोष्टी दाखवल्या : वाफेचा दाब सांगणारा काटा आणि आतले पाणी दाखवणारी उभी काच. मग विचारले, "पाळीवर आलास की आधी काय बघशील?" नवा माणूस म्हणाला, "काटा." मास्तरने त्याच्या डोक्यात हलकेच टपली मारली. "आधी पाणी. पाणी नसलं तर काटा काय सांगतो त्याला अर्थ नाही. काटा पाण्याबद्दल बोलतो, आगीबद्दल नाही." अकरा वर्षे तो आधी काचेकडे बघत आला. कारखाना बंद पडला तेव्हा त्याच्याकडे दोन चीजा उरल्या : कामगारांच्या गटाचा एक फोटो, आणि वाहन चालवण्याचा परवाना.

गाडीच्या चालकापुढे काच नसते, फक्त काटा असतो. डावीकडे सी म्हणजे थंड, उजवीकडे एच म्हणजे गरम. मधल्या खुणेच्या किंचित खाली काटा स्थिर राहिला म्हणजे इंजिन सुखात आहे असे मानायचे. पाणी बघायचे असेल तर गाडी थांबवावी लागते, इंजिन थंड होऊ द्यावे लागते, बॉनेट उघडावे लागते. ज्याच्या वेळापत्रकात थांबायला जागा नाही त्याला काट्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

आता गाडीतल्या तिघांविषयी. पुढच्या आसनावर बाई : निवृत्त मुख्याध्यापिका, सदुसष्ट वर्षांच्या, अविवाहित, धाकट्या बहिणीकडे राहणाऱ्या. मधल्या रांगेत टेलरकाका. त्यांचे दुकान आता मुलगा चालवतो, पण गळ्यातली माप घ्यायची फीत त्यांनी अजून उतरवलेली नाही. त्यांच्या शेजारी बेकरीवाले शेठ, तिघांत धाकटे, वय पन्नास, तिघांत सर्वाधिक तहानलेले आणि सर्वाधिक विनोदी. सात वर्षे बाई, पाच वर्षे टेलरकाका, दोन वर्षे शेठ, असा त्यांचा एकमेकांशी आणि या गाडीशी संबंध. सोयरिकीत नसलेली इतकी जवळीक क्वचितच दिसते.

या माणसांचे जगणे आकड्यांवर चालते. दिवसभरात किती घोट पाणी घ्यायचे ते ठरलेले असते. शरीर पाणी बाहेर टाकू शकत नसल्याने प्यालेले पाणी अंगात साठत जाते : आधी घोट्यात, मग पोटात, शेवटी फुप्फुसात. केंद्रात गेल्यावर पहिले काम वजनकाट्यावर उभे राहण्याचे आणि चार तासांनी शेवटचे कामही तेच. वजन किती उतरले, पोटॅशियम किती उतरले, रक्तदाब किती उतरला, हीच तिघांची विचारपूस. त्यांच्या जगात उतरलेला आकडा नेहमी चांगला असतो आणि चढलेला वाईट. गाडीत बसल्या बसल्या शेठ चालकाला विचारायचे, "भाऊ, तुमच्या बाईसाहेबांचा काटा काय म्हणतो?" चालक म्हणायचा, "अर्ध्याच्या खाली." मागून उत्तर यायचे, "मग आमच्यापेक्षा बरीय तिची तब्येत!" नऊ वर्षे त्यांच्या सहवासात राहून चालकाच्या मनालाही तेच वळण लागले होते. ते लागले आहे हे त्याला ठाऊक नव्हते.

त्यांच्या वागण्यातला आणखी एक नियम सांगायला हवा, कारण त्या दिवशीचे सारे त्यावरच फिरले. या गाडीत पाणी ठेवत नाहीत. पूर्वी मागच्या आसनाखाली पाच लिटरचा डबा असे, रेडिएटरसाठी. दोन वर्षांपूर्वी परतीच्या वाटेवर एका तरुण रुग्णाने कोणाचे लक्ष नसताना तो उचलून तोंडाला लावला. गंज चढलेले, कोमट पाणी. तो दीड लिटर प्याला. पुढच्या फेरीला तो आला नाही. त्याचे काय झाले हे गाडीत कोणी उच्चारत नाही. त्यानंतर बाईंनीच प्रस्ताव मांडला, "हा डबा इथे नको. माझाही भरवसा माझ्यावर नाही." सर्वांनी हात वर केले. चालकाने डबा उतरवून वाहनतळावर ठेवला. निर्णय त्या माणसांसाठी योग्य होता. गाडीचा विचार कोणाच्याही मनात आला नाही, आणि येऊ नये इतका तो प्रसंग ताजा होता.

एप्रिलच्या अखेरीपासून काटा अस्वस्थ होता. चढावर तो मधल्या खुणेच्या वर सरकायचा आणि उतारावर परत यायचा. चालकाने वहीत तीनदा लिहिले : 'काटा चढतो. पाणी कमी होते. तपासावे.' मिस्त्रीने एकदाच बॉनेट उघडले. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप त्याने काढून फेकून दिली, नळाचे पाणी भरले आणि म्हणाला, "आता कसा चढतो बघू. उन्हाळ्यात या झडपेचं कामच काय?"

"पण मिस्त्री, पाणी जातंय कुठं?"

"उडतं रे. तुझ्या अंगातलं नाही उडत?"

"माझ्या अंगाला रोज भरतो. हिला रोज कोण भरणार?"

"तू भर. तुझीच आहे ना ती!" मिस्त्री हसला आणि दुसऱ्या गाडीखाली सरकला. त्याच्यापुढे अकरा गाड्या उभ्या होत्या आणि हाताखाली कोणी नव्हते. त्याला दोष देणे सोपे आहे. चालकाने तो दिला नाही. तो रोज सकाळी रेडिएटरच्या टाकीत पाणी भरून निघू लागला. टाकीखालच्या रबरी पाइपची क्लिप सैल झालेली होती; ती त्या दोघांपैकी एकालाही दिसली नाही.

त्या मंगळवारी बाईंच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा त्यांना पायरी चढायला दोनदा थांबावे लागले. शनिवारी ताप होता म्हणून त्या केंद्रात गेल्या नव्हत्या. गुरुवारनंतरचा हा पाचवा दिवस. बहिणीने खिडकीतून चालकाला सांगितले, "साडेचार किलो जास्त भरलंय. रात्रभर बसूनच होती. भाऊ, आज उशीर नका हं करू."

"नाही करत, ताई."

हे त्याने सांगायला नको होते, असे तो नंतर म्हणाला. आजवर त्याने कोणाला वेळेचा शब्द दिला नव्हता.

साडेदहाला पोचायचे होते. पुलाच्या दुरुस्तीमुळे एकच बाजू खुली होती आणि दोन्हीकडची वाहने तिथे आळीपाळीने सोडत होते. पंचवीस मिनिटे गाडी जागीच उभी, इंजिन चालू, एसी चालू. कारण बाईंना गार हवेत श्वास थोडा सोपा जात होता. बाईंनी दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकले होते. त्या वाक्य पुरे करू शकत नव्हत्या. चालकाने काट्याकडे बघितले. मधली खूण मागे पडली होती.

"काय म्हणतो?" शेठनी विचारले.

"चढलाय."

"किती?"

"पाऊण."

पाऊण हा शब्द त्या तिघांनी आपल्या अंगावर घेतल्यासारखा ऐकला.

पूल ओलांडून गाडी चढाला लागली. चालकाने एसी बंद केला. काटा एचकडे सरकतच होता. आता एकच उपाय त्याला ठाऊक होता, आणि तो मागायची त्याला लाज वाटत होती. "बाई, हीटर सोडावा लागेल. इंजिनाची उष्णता थोडी आत ओढून घेतली तर ते तग धरेल. तुम्हाला त्रास होईल."

बाईंनी मान हलवली. "सोडा." मग श्वास घेऊन : "पोचवा."

त्याने हीटर पूर्ण उघडला, पंखा शेवटच्या खुणेवर नेला, चारही खिडक्या खाली केल्या. मे महिन्याच्या उन्हात गाडीत भट्टीची हवा भरली. टेलरकाकांनी गळ्यातली फीत काढून कपाळाला गुंडाळली. "भाऊ, कापडाला इस्त्री करतात ती अशी, माणसाला नाही."

"मला सवय आहे," शेठ म्हणाले. "तीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलोय. फक्त तिथे मी पाव काढत होतो, आज मीच आत."

कोणी हसले नाही, पण विनोद झाला याने बरे वाटले. चालकाची नजर रस्ता, काटा, बाई अशी फिरत होती. काटा एचच्या खुणेपासून बोटभर अंतरावर थरथरत थांबला. दोन किलोमीटर तो तिथेच राहिला. चालकाची पाठ आसनाला चिकटली होती. थांबावे, की केंद्र गाठावे? केंद्र अजून बारा किलोमीटर. बाईंच्या ओठांचा रंग त्याला आवडेना.

आणि मग काटा उतरला.

आधी पाऊणवर, मग मधल्या खुणेवर, मग तिच्याही खाली. चढ संपला नव्हता, वेग तोच होता, तरी काटा उतरत होता. "उतरला!" चालक नकळत ओरडला. मागून टेलरकाका पुढे वाकले. "किती?" "अर्ध्याच्या खाली!" "वा!" शेठनी आसनावर थाप मारली. थोड्याच वेळात हीटरच्या झरोक्यांतून येणारी हवा निवली आणि चक्क गार येऊ लागली. बाईंनी चेहरा झरोक्यापाशी नेला. पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखे काही दिसले. त्यांनी चालकाच्या मनगटावर हात ठेवला आणि दोनदा थोपटले, वर्गात शहाण्या मुलाला थोपटावे तसे.

चालक सांगतो, तो एक किलोमीटर त्याच्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा होता. त्याबद्दल त्याला अजून शरम वाटते.

आकडा उतरला की संकट टळते, असे मानणारी चार माणसे त्या गाडीत होती. काट्याला जोडलेला, पाण्यात बुडवलेला संवेदक पाण्याची उष्णता मोजतो. पाणी निघून गेले की तो मोकळ्या हवेत लोंबकळतो आणि इंजिन लाल होत असतानाही काटा शांतपणे सीकडे उतरतो. हीटरही इंजिनातल्या गरम पाण्यावरच चालतो. पाणी संपले की त्यातून बाहेरचीच हवा येते. दोन्ही खुणा एकच गोष्ट सांगत होत्या. दोन्हींचे त्यांनी स्वागत केले.

शेठनी नाक वर केले. "कसला वास येतोय?"

"बाहेरचा असेल," चालक म्हणाला.

"नाही हो. रिकामा ट्रे भट्टीत राहिला की येतो, तसा. नुसत्या पत्र्याचा."

रिकामा. त्या शब्दासरशी चालकाने झरोक्यापुढे हात धरला. हीटर पूर्ण उघडा आहे आणि हवा गार आहे, हे त्याला आता पहिल्यांदा उमजले. अकरा वर्षे त्याने आधी पाणी बघितले होते, आणि आज पाण्याचा विचारही न करता काट्याचे बोलणे ऐकून टाळ्या वाजवल्या होत्या. तरीही पाय ब्रेकवर जायला काही क्षण लागले. थांबलो तर बाई. न थांबलो तर इंजिन जागीच अडकेल, आणि मग बाईही, पुढच्या सावली नसलेल्या चढावर. त्याने गाडी डावीकडे घेतली, एका झाडाखाली उभी केली आणि किल्ली फिरवली.

शांततेत बॉनेटखालून टिकटिक ऐकू येऊ लागली.

"का थांबवलीत?" टेलरकाका. "काटा तर उतरलाय!"

"पाणी संपलंय, काका. म्हणून उतरलाय."

टेलरकाकांना ते पटायला वेळ लागला. "उतरला म्हणजे... वाईट?"

"आज वाईट."

चालकाने केंद्रात फोन लावला. सिस्टर म्हणाली, रुग्णवाहिका दुसऱ्या कामावर पुलापलीकडे गेली आहे, निघाली तरी पुलावर अडकेल, किमान एक तास धरा. "बाईंना आडवं करू नका. ताठ बसवा, पाय खाली. पाणी अजिबात देऊ नका. आणि भाऊ, श्वास मोजत राहा." मग व्यवस्थापकाला फोन. दुसरी गाडी? दीड तास. "तू थांबवलीस का पण? चालत होती ना?"

"कोरडी चालत होती, साहेब."

"अकरा किलोमीटर गेली असती रे!"

चालकाने फोन ठेवला. तो बरोबर होता की व्यवस्थापक, हे त्या क्षणी कोणालाही सांगता आले नसते.

टेलरकाका घड्याळ धरून बाईंपाशी उभे राहिले. मिनिटाला बत्तीस. पाच मिनिटांनी चौतीस. बाईंनी विचारले, "किती?" टेलरकाका म्हणाले, "अठ्ठावीस." त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या कमरेचे माप असेच थोडे कमी करून सांगितले होते. बाई म्हणाल्या, "खोटं." आणि डोळे मिटले.

बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. शेठ पुढे झाले. "झाकण उघडू? आत थोडं तरी असेल, बघून तरी घेऊ."

"हात लावू नका!" चालक इतक्या जोरात ओरडला की शेठ मागे सरले. बॉयलरवर त्याच्या जोडीदाराने एकदा घाईत झडप उघडली होती. त्या माणसाचा उजवा हात खांद्यापर्यंत सोलला गेला होता. "शेठ, माफ करा. अर्धा तास कोणीही हात लावायचा नाही. आतली वाफ दबून बसलीय. आणि तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतलं तर तडा जाईल. मग कोणालाच कुठे जाता येणार नाही."

"अर्धा तास?" शेठनी बाईंकडे बघितले.

"अर्धा तास."

सगळ्यात अवघड काम हेच होते : काही न करणे. पण पाणी तरी आणून ठेवायला हवे होते, आणि गाडीत पाणी नव्हते. तिघांकडे गोळ्या गिळण्यापुरत्या छोट्या बाटल्या होत्या. शेठनी तिन्ही गोळा करून एका बाटलीत ओतल्या आणि ती उचलून धरली. पाऊण लिटरही नाही. त्यांनी ती बाटली क्षणभर हातात तशीच धरली. चालकाने ते पाहिले आणि नजर वळवली. मग शेठनी झाकण घट्ट लावून बाटली त्याच्या हातात दिली. "ठेवा. माझ्याजवळ नको."

चढाखाली पाचशे पावलांवर रोपांची नर्सरी होती. चालक धावत गेला. चोपन्नाव्या वर्षी, उन्हात, दोन्ही हातांत माळ्याचे डबे घेऊन तो चढ चढला तेव्हा त्याचाच श्वास मिनिटाला चाळीस असावा. माळीण मागे रबरी नळीचा तुकडा घेऊन आली होती. "पाइप फुटला असेल तर हे बांधा," म्हणाली. "आमचा पंपही असाच गळतो."

अठ्ठेचाळीस मिनिटांनी बॉनेट हाताला सोसेल इतके निवले. चालकाने टॉवेलची चौपदरी घडी झाकणावर ठेवली, पाव वळसा फिरवला, थांबला. ना शिट्टीसारखा आवाज, ना फुसकारा. पुन्हा पाव वळसा. झाकण निघाले. आत ठणठणाट. खाली वाकून बघितले तर क्लिप निसटून पाइपचे तोंड मोकळे झालेले. त्याने पाइप बसवला, त्यावर नळीचा तुकडा कापून गुंडाळला. बांधायला काही नव्हते. टेलरकाकांनी कपाळावरची फीत सोडून दिली. "घ्या. दीड मीटर आहे. गाठ मी मारतो, तुमची सुटेल."

पाणी त्याने घोटाघोटाने ओतले. इंजिन सुरू केले, पुन्हा थोडे ओतले. बुडबुडे येत राहिले. सायलेन्सरमधून पांढरट धूर निघाला. आतले काहीतरी वाकले असणार, हे त्याला कळले. त्याने झाकण घट्ट लावले आणि बॉनेट मिटले.

गाडी निघाली तेव्हा बाई छत्तीसवर होत्या. काटा सीपाशी होता. चालक त्याच्याकडे बघत होता आणि मनात म्हणत होता, चढ, चढ. दोन मिनिटांनी तो हलला. पाव. अर्ध्याच्या जवळ. शेठ मागून घाबरून ओरडले, "भाऊ, चढतोय!"

"चढू दे," चालक म्हणाला. "पाणी आहे म्हणून चढतोय."

उरलेल्या अकरा किलोमीटरांत तो दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा पाणी ओतले. केंद्राच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा साडेबारा वाजले होते. दोन तास उशीर. बाईंना चाकाच्या खुर्चीतून थेट आत नेले, प्राणवायू लावला, वजनकाट्यावरही उभे केले नाही.

पेच तिथे पुन्हा उभा राहिला. दुपारच्या पाळीचे रुग्ण अडीचला यायचे होते आणि यंत्रे तितकीच होती. बाईंना पूर्ण चार तास देणे भाग होते. त्याहून कमी दिले तर त्या रात्री त्या वाचतील याची खात्री कोणी देत नव्हते. त्यांच्या यंत्रावरच्या दुपारच्या रुग्णाला दुसरे यंत्र लागणार होते, आणि बाकीच्या दोघांच्या यंत्रांवरही अडीचला दुसरे रुग्ण बसायचे होते. सिस्टर टेलरकाका आणि शेठ यांच्यापुढे उभी राहिली.

"किती देताय?" टेलरकाकांनी विचारले.

"दीड तास. दोघांनाही. अडीचच्या आत तुम्हाला उतरवावं लागेल."

"बाईंना चार?"

"चार."

शेठ म्हणाले, "मग विचारताय कशाला? सुया टोचा." आणि मग, आवाज खाली आणून : "पण आज रात्री मला तहान लागली तर घरच्यांना सांगा, मला शिव्या घालू नका."

दीड तासाने दोघे यंत्रावरून उतरले तेव्हा त्यांच्या अंगात दोन-दोन किलो पाणी उरलेले होते. गुरुवारपर्यंत ते त्यांनी वाहिले. शेठनी दोन्ही रात्री खुर्चीत बसून काढल्या. बाई ती रात्र केंद्रातच राहिल्या आणि बुधवारी सकाळी स्वतःच्या पायांनी चालत घरात शिरल्या.

कंत्राटदाराच्या अहवालात एक ओळ आहे : 'चालकाने मार्गात वाहन थांबविल्यामुळे विलंब.' वहीतल्या एप्रिलपासूनच्या तीन नोंदींचा उल्लेख त्यात नाही. चालकाला पंधरा दिवस या मार्गावरून काढण्यात आले. या पंधरा दिवसांत त्याच्या जागी आलेला माणूस चांगला चालक होता. तो केंद्रात दहा मिनिटे लवकर पोचायचा आणि टेलरकाकांचा हात संध्याकाळपर्यंत ठणकायचा. चालकाने व्यवस्थापकाला पत्र लिहिले. पत्नीने ते वाचून विचारले, "अहो, यात स्वतःची चूकही लिहिलीत? कोण लिहितं असं?" पत्रात त्याने लिहिले होते की काटा उतरल्यावर आपण एक किलोमीटर गाडी चालवली, ती चालवायला नको होती, आणि ज्यांना पाणी पिण्याची मनाई आहे त्यांच्या गाडीत इंजिनासाठी पाणी कसे ठेवायचे याचा विचार रुग्णांवर सोपवता येणार नाही, तो मालकाने करायचा आहे. पत्राला उत्तर आले नाही.

त्याच आठवड्यात, गुरुवारी २१ मेच्या सकाळी, टेलरकाका आणि शेठ नेहमीच्या वेळी केंद्रात गेले आणि नेहमीच्या चार तासांसाठी यंत्रावर बसले. मंगळवारचे त्यांचे प्रत्येकी अडीच तास कमी झाले होते. ते भरून देण्याची सोय वेळापत्रकात नाही आणि तशी मागणी नोंदवण्यासाठी अर्जही नाही. पाच तास बाकी आहेत.